भिंतीवरचा म्हातारा

कुबल कुणाच्याही घरी जेवायला आले की चपला काढल्या काढल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जात. तारीख बघायला नव्हे. चष्मा कपाळावर सरकवून, चित्राला जवळजवळ नाक लावून ते चित्र तपासत आणि मग घरातल्यांना बातमी देत. "ह्यो घोडो उलटो केलेलो आसा, वैनी." म्हणजे मूळ चित्रात घोडा डावीकडे धावत होता, कॅलेंडरवाल्यानं तो फिरवून उजवीकडे पळवला. आमच्याकडे बहारीनच्या मनामा शहरातल्या एका तांदूळवाल्याचं कॅलेंडर होतं. नदी, डोंगर, झोपडी आणि घागर घेतलेली बाई. डोंगर परदेशी मासिकातले, झोपडी दुसऱ्याच कुठल्या चित्रातली, असं सांगून ते बाईपाशी थांबले आणि खुशीत हसले. ती बाई त्यांचीच निघाली. मुंबईत असताना एका साबणासाठी त्यांनी काढलेली. साबणवाल्यानं तिच्या हातात साबण दिला होता, इथं घागर आली होती. कुणीतरी आपलं चित्र उचललं याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता. परमुलखात माहेरची मुलगी भेटावी तसे ते तिच्याकडे बघत होते.

मी बहारीनला गेले ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी, यांची बँकेतली नोकरी तिकडे लागली म्हणून. घरी बसून कंटाळले तेव्हा मनामातल्या एका जाहिरात कंपनीत इंग्रजी मजकूर लिहायचं काम धरलं. कंपनी लहान होती. मालक बहारीनी, बू युसूफ. थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारायची तिथली रीत, म्हणून युसूफचा बाप तो बू युसूफ. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत नीट माहीत नव्हतं. आणि चित्रं काढायला कुबल.

कुबल मालवणकडचे, मच्छीमाराच्या घरातले. मुंबईत चित्रकला शिकले, सिनेमाची पोस्टरं रंगवली, साबणं आणि हेअर ऑइलं रंगवली आणि चाळिशीच्या आसपास एका ओळखीच्या माणसाबरोबर इकडे आले. बायको आणि दोन मुली गावी. अंगानं किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात ब्लेडनं टोक काढलेल्या पेन्सिली. पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र त्यांना माणसाचं नाक कापल्यासारखं वाटे. बहारीनी लोक त्यांना उस्ताद म्हणत. ते मात्र देशाची किंमत मासळीवरून करत. हमूर ठीक, साफी चांगला, पण बांगडा मिळत नाही हे या राज्याचं मोठं वैगुण्य आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी बू युसूफनाही तोडक्यामोडक्या अरबीत ऐकवलं होतं. "बांगडा मफी, बहारीन नुस्स." बांगडा नाही, म्हणून बहारीन अर्धं.

त्यांच्या टेबलामागं एक स्टीलचं कपाट होतं. त्यात परदेशी मासिकांतून कापलेल्या चित्रांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर मराठीत चिठ्ठी: घोडे. पाणी. हात. बाया. म्हातारे. काम आलं की कुबल कपाट उघडत, गठ्ठा पसरत आणि वाण्याच्या दुकानात डाळ निवडावी तसं निवडत बसत. एकीचं हसू, दुसरीचे केस, तिसरीची मान. "तीन बाया मिळून एक बाई," ते म्हणत. "कोण ओळखणार?" यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच वाटत नव्हतं. मुंबईतही सगळे तेच करत होते, इथंही सगळे तेच करत होते.

एकदा मात्र गंमत झाली. सोनेबाजारातल्या एका सराफाची जाहिरात होती. कुबलांनी "हात" या गठ्ठ्यातून एक सुंदर हात काढला आणि रंगवला. हाताबरोबर मनगटातली नागमोडी बांगडीही आली. जाहिरात पेपरात छापून आली आणि दुसऱ्या दिवसापासून बायका सराफाकडे तीच बांगडी मागू लागल्या. तशी बांगडी दुकानात नव्हती, बाजारात नव्हती, बहुधा आशिया खंडात नव्हती. सराफ चिडून कंपनीत आला. कुबलांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि कागदावर ती बांगडी चारी बाजूंनी काढून दिली. मागची बाजू तर मूळ चित्रात नव्हतीच, ती त्यांनी मनानं काढली. सराफानं कारागिराकडून बांगड्या घडवून घेतल्या आणि त्या चांगल्या खपल्या. पुढं कितीतरी दिवस बाजारात कुणाच्या हातात ती बांगडी दिसली की कुबल मला कोपरानं खुणावत. ती मूळ घडवणारा कोण, कुठला, हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नाही.

मग मनामातल्याच हूरा भागात एक नवीन हॉटेल उभं राहायला लागलं. मालकाला दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या प्रवेशदालनाची अख्खी भिंत रंगवून हवी होती. विषय बहारीनचाच: समुद्रात बुडी मारून मोती काढणारे जुने लोक. तेल सापडायच्या आधी हे बेट त्यांच्यावरच जगलं होतं. कुबलांना आयुष्यात पहिल्यांदा भिंत मिळाली होती. जाहिरात पेपराबरोबर रद्दीत जाते, भिंत राहते, असं ते मला म्हणाले. मालवणला कळवलंसुद्धा त्यांनी.

दोन महिने ते परांचीवर होते. मागं समुद्र, गलबत, दोर ओढणारी माणसं आणि पुढं, माणसापेक्षा मोठा, बसलेला एक म्हातारा पाणबुड्या. सुरकुतलेला चेहरा, खाऱ्या पाण्यानं आणि उन्हानं बारीक झालेले डोळे. तुम्ही दालनात कुठंही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघत होता. मी ते बघायला गेले तेव्हा रंगारी, सुतार, विजेची कामं करणारे सगळे आपापली हत्यारं खाली ठेवून बघत उभे होते. कुबल परांचीवरून उतरले आणि मला म्हणाले की आता मेलो तरी चालेल. मग लगेच म्हणाले की धाकटीचं लग्न झाल्यावर.

हॉटेल उघडायला आठवडा-दीड आठवडा राहिला असताना मिसेस कोल ऑफिसात आल्या. साठीच्या इंग्रज बाई, नवरा तेल कंपनीत. वर्षानुवर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून त्या शेजारच्या मुहर्रक बेटावरच्या गल्ल्यांतून हिंडत आणि त्या फोटोंचं एक लहानसं पुस्तक त्यांनी स्वतःच छापून घेतलं होतं. ते पुस्तक त्यांनी टेबलावर उघडून ठेवलं. तोच म्हातारा. त्या पुस्तकातलं हेच पान कुबलांच्या कपाटातल्या म्हाताऱ्यांच्या गठ्ठ्यात होतं. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की हा माणूस तीन हिवाळे कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नव्हता. त्या जात, कॉफी पीत, परत येत. चौथ्या हिवाळ्यात तो आपणहून म्हणाला, काढ. पुढच्या वर्षी तो वारला.

बू युसूफ म्हणाले की मॅडम, इथं असा काही कायदा नाही. त्या म्हणाल्या की मी कायद्याचं बोलतच नाहीये.

कुबलांनी मात्र जोरात बाजू मांडली. मी दुभाषी. फोटो काळा-पांढरा, चित्र रंगीत. फोटो वीतभर, चित्र भिंतभर. म्हाताऱ्याचं तोंड उजवीकडचं डावीकडं केलंय, डोक्याचा फडका बदललाय, मागं भिंत होती तिथं समुद्र आणलाय. हात तर सगळे माझे, फोटोत हात नाहीतच. यापेक्षा माणसानं आणखी किती बदलायचं? मिसेस कोल ऐकत राहिल्या. हात फार चांगले आहेत, असं त्या म्हणाल्या. खाली "अमुकच्या फोटोवरून" एवढी एक ओळ लिहिली तरी मला पुरे, असंही म्हणाल्या. हॉटेलमालकानं ते ऐकताच नाही म्हटलं. बहारीनच्या मोत्यांच्या चित्राखाली इंग्रज बाईचं नाव त्याला नको होतं. बाई पुस्तक उचलून गेल्या. कुबल दिवसभर गुणगुणत काम करत होते, पण गाणं पुढं सरकत नव्हतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा येत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो दुसरा माणूस आला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी. पन्नाशीचा, पांढराशुभ्र थोब, तिथला पायघोळ अंगरखा, घातलेला, दाढी करडी. नाव अब्दुल्ला, बंदरावर नोकरी. मोत्यांच्या व्यापारामुळं जुन्या बहारीनी लोकांचं मुंबईला जाणं-येणं असे, त्यामुळं तो आमच्याइतकीच चांगली हिंदी बोलत होता. उस्ताद कोण, असं त्यानं विचारलं. कुबल उठून उभे राहिले. त्यानं बसायला सांगितलं, स्वतःही बसला, चहा घेतला आणि मग बोलला.

"उस्ताद, मेरे बाप को आपने कहाँ बिठाया, मालूम है?"

कुबलांना अर्थ लागेना. त्यानं सावकाश सांगितलं. कुणीतरी त्याला म्हणालं, तुझा बाप हूऱ्यातल्या हॉटेलात दिसतो. तो बघायला गेला. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला जो दरवाजा आहे, त्यावर काल पाटी लागली. बारची पाटी.

कुबल चित्र काढत होते तेव्हा तो दरवाजा नुसता दरवाजाच होता. आत काय होणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

"उसने सारी उम्र नमाज़ नहीं छोड़ी," अब्दुल्ला म्हणाला. "मेमसाब को उसने तस्वीर दी थी, किताब के लिए. शराब के दरवाज़े के लिए नहीं दी."

कुबल काहीतरी पुटपुटले. फडका बदलला होता, तोंड फिरवलं होतं, असंच काही. अब्दुल्लानं मान हलवली.

"तस्वीर अच्छी है, उस्ताद. इसीलिए तकलीफ़ है. ख़राब होती तो कौन पहचानता?"

एवढं बोलून तो उठला. त्यानं काही मागितलं नाही, धमकी दिली नाही. जाताना कुबलांचा हात दोन्ही हातांत धरून गेला.

कुबलांनी त्याचा रिकामा कप उचलून ठेवला. मग मला म्हणाले, "वैनी, माका ह्यां आधी कळाक व्हया होतां." त्यांनी मिसेस कोलना सांगितलेली सगळी कारणं त्या एका माणसासमोर निकामी झाली होती. आरशात फिरवलेला बाप मुलाला बापच दिसला होता.

त्यांनी बू युसूफना सांगितलं की चेहरा बदलू या. बू युसूफनी हॉटेलमालकाला विचारलं. मालक म्हणाला की एक रेघसुद्धा हलवायची नाही, त्या चेहऱ्यासाठीच लोक येणार आहेत. बू युसूफनी कुबलांना बोलावून तेच सांगितलं आणि वर हेही सांगितलं की भिंत गिऱ्हाइकाची आहे, उस्तादाची नाही. खलास. आम्हा सगळ्यांचा व्हिसा त्यांच्या हातात होता, त्यामुळं त्यांनी खलास म्हटलं की सहसा खलासच होई.

दुसऱ्या दिवशी एक वाजता, सगळं मनामा दार लावून जेवायला आणि झोपायला गेलं तेव्हा, कुबल रंगाचे डबे घेऊन हॉटेलात गेले. पहारेकऱ्याच्या ओळखीचे, त्यानं सोडलं. चार वाजता मालक आला तेव्हा चेहरा नव्हता. त्या जागी नुसता पांढरा पट्टा होता आणि कुबल परांचीवर बसून त्यावर खांद्याची रेघ ओढत होते. मालकानं आरडाओरडा केला. कुबलांनी खाली न बघता एवढंच सांगितलं की उद्‌घाटनाच्या आत भिंत पुरी करून देतो, नंतर काय करायचं ते करा. आता भिंत अर्धवट होती आणि ती पुरी करणारा दुसरा माणूस बेटावर नव्हता, म्हणून मालकाचा नाइलाज झाला.

उद्‌घाटनाला मी आणि हे गेलो होतो. म्हातारा अजूनही बसलेला होता, पण आता पाठमोरा, समुद्राकडे तोंड करून. उघडी, उन्हानं करपलेली पाठ, मणके मोजता येतील अशी, एक खांदा जरा खाली झुकलेला. लोक समोर उभे राहत आणि मग नकळत तो बघतो तिकडं, समुद्राकडं बघू लागत. आधीचं चित्र जास्त देखणं होतं, हे मी मान्य करते. पण याच्यापुढून लवकर हलावंसं वाटेना.

कुबल एका खांबाआड सरबताचा ग्लास घेऊन उभे होते. मी विचारलं, आता ही पाठ कुठल्या गठ्ठ्यातली? त्यांना प्रश्न लागला असावा, पण ते हसले.

"तो माझो बापूस, वैनी," ते म्हणाले. "फोटो नाय तेचो एकव. होडयेत मागे बसून मी पाठच बघलंय जल्मभर." मग बारच्या दाराकडं बघून म्हणाले, "तेका थंय बसाक काय्येक हरकत नाय. तो जिवंत होतो तेवा रोज थंयच बसा."

उद्‌घाटन झाल्यावर बू युसूफनी कुबलांच्या टेबलावर मुंबईचं तिकीट आणून ठेवलं. परतीचं नव्हतं. कुबलांनी ते पाकीट उघडलंही नाही. दोन दिवस ते कपाटातले गठ्ठे आवरत बसले. आमच्या घरी जेवायला आले तेव्हा म्हणाले की धाकटीचं लग्न आता जरा साध्यानंच करावं लागेल. कॅलेंडरकडं त्या दिवशी गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अब्दुल्ला पुन्हा आला, या वेळी थेट बू युसूफच्या खोलीत. बरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भलामोठा हमूर. दार बंद झालं, कॉफी आत गेली, पुन्हा गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. आमची अरबी बाजारहाटापुरती. बाहेर आले तेव्हा दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले होते. बू युसूफ कुबलांच्या टेबलापाशी थांबले, ते पाकीट उचलून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं आणि दही-दुधाच्या जाहिरातीचं काम कुठवर आलं म्हणून विचारलं. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. हमूर मात्र त्यांनी कुबलांना दिला. बांगड्याची सर नाही, असं कुबल म्हणाले, पण डोकंसुद्धा टाकलं नाही.

मिसेस कोलकडं ते आपणहून गेले. मला बरोबर नेलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचं कोळशानं काढलेलं पहिलं रेखाटन त्यांच्याजवळ होतं, ते त्यांनी बाईंपुढं ठेवलं आणि इंग्रजीत पाठ करून आणलेलं एकच वाक्य म्हटलं, की हे तुमचं आहे. बाईंनी ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या की आपण दोघंही चुकतोय, हे अब्दुल्लाचं आहे. ते रेखाटन अखेर मुहर्रकला अब्दुल्लाच्या घरी गेलं. तिथं लावलं का नाही, मला माहीत नाही. माणसाचं चित्र भिंतीवर लावणं तिथं सगळ्यांनाच चालतं असं नाही.

पुढं कुबलांचा नियम ठरला. हात घ्यावेत, पाणी घ्यावं, ढग घ्यावेत. तोंड घ्यायचं तर विचारून. मी एकदा त्यांना छेडलं की ढगाचा फोटोसुद्धा कुणीतरी उन्हात उभं राहूनच काढलेला असतो ना? ते दोन दिवस त्यावर विचार करत होते. मग एका दुपारी ब्लेडनं पेन्सिल तासता तासता म्हणाले, "ढगाक झील नसता, वैनी." ढगाला मुलगा नसतो, विचारायला येणारा. उत्तर पुरतं नव्हतं. त्यांनाही ते माहीत असावं, कारण त्यानंतर ढगांचा गठ्ठा हळूहळू बारीक होत गेला आणि ते खिडकीतून बाहेर बघून ढग काढू लागले. बहारीनमध्ये ढग क्वचित येतात. त्यामुळं आमच्या कंपनीच्या जाहिरातींत त्या काळात आकाश बहुतेक कोरंच असे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट दरवर्षी त्यांच्याकडं. एका वर्षी मुलांनी हट्ट धरला की गणपतीपुढं कार्टूनमधला उंदीर हवा. मुलं इंग्रजी शाळेतली, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. कुबलांनी त्यांना समोर बसवलं आणि गंभीरपणे सांगितलं की गणपतीकडं स्वतःचा उंदीर आहे, भाड्यानं आणायची गरज नाही. मग खरा उंदीर बघायला त्यांनी सगळ्या पोरांना धान्यबाजारात नेलं. तिथं हमखास दिसतात म्हणून. मुलांच्या आया त्यांच्यावर आठवडाभर रागावल्या होत्या. पण त्या वर्षीच्या गणपतीपुढं जो उंदीर बसला तो इतका खरा होता की पहिल्याच आरतीला एक बाई किंचाळली.

हॉटेलातली ती भिंत सात-आठ वर्षं राहिली असेल. मग नवा मालक आला, त्यानं दालन संगमरवरी केलं आणि चित्र त्यामागं गेलं. मी हळहळत सांगायला गेले तेव्हा कुबल म्हणाले की भिंत मालकाची होती. पण त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

त्यानंतर यांची बदली झाली आणि आम्ही आवराआवर करू लागलो. शेवटच्या शुक्रवारी आम्ही मुहर्रककडून गाडीनं परत येत होतो. किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधायची जागा आहे, तिथं मला कुबल दिसले. गेली काही वर्षं दर शुक्रवारी ते कुठं जातात हे आम्हाला माहीत नव्हतं. मासळीच्या उलट्या खोक्यावर बसून, गुडघ्यावर फळी ठेवून ते एक गलबत काढत होते. भोवती तीन-चार म्हातारे बसले होते. त्यातला एक कागदावर बोट ठेवून काहीतरी चुकलंय असं सांगत होता, बहुधा दोराची गाठ. कुबलांनी कागद वर धरून गलबताशी ताडून बघितला, मान डोलावली आणि खोडरबर काढला.

मी यांना म्हटलं, जरा हळू घ्या. यांनी विचारलं, थांबायचं का? मी नको म्हटलं. तो म्हातारा आता उठून प्रत्यक्ष दोराची गाठ मारून दाखवत होता आणि कुबल, चष्मा कपाळावर सरकवून, त्याच्या बोटांकडं बघत होते.